हार्पने गांधार सोडला

आमच्या बँडमध्ये पेडल स्टील गिटार आणि हार्प (उभ्या चौकटीतल्या तारा बोटांनी छेडायचं मोठं वाद्य) एकत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना काळजी होती ती आवाजाची. ड्रम आणि फझ (आवाज मुद्दाम फाडणारं यंत्र) लावलेली गिटार यांच्या दणदणाटात हार्प ऐकू तरी येणार का? ती अडचण साउंडबोर्डला चिकटवलेल्या पिकअपवर आणि एका माइकवर भागली. खरं भांडण लागलं गांधारावरून. ते मिटेपर्यंत शिकागोचा अख्खा हिवाळा सरला.

पेडल स्टील वाजवतो म्हटलं की इथली मराठी मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे ते कॅरिबियन लोकांचे पत्र्याचे ड्रम ना?" ते नव्हे. मग ‘हवाईयन गिटार’ म्हणावं लागतं आणि चेहरे उजळतात. व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांनी त्या गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी रेडिओवर ऐकलेली पिढी अजून आहे. आमच्या सांगलीच्या घरातच आहे. पेडल स्टील हे त्याच घराण्यातलं, पण अमेरिकेत वाढलेलं वाद्य. चार पायांवर उभी केलेली आडवी चौकट, तिच्यावर दहा तारा. पडदे नाहीत, पडद्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांब, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डाव्या पायाशी तीन पेडल, उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारं आणखी एक, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला चार-पाच दांडे. वाजवणारा माणूस लांबून शिवणयंत्रावर बसल्यासारखा दिसतो.

पेडल दाबलं की ठरावीक तारा ताणल्या जाऊन त्यांचा स्वर चढतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. १९५४ साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. काही स्वर स्थिर आणि त्यांच्यामधून एखादा सरकत वर जाऊन बसतो, हे तोवर लोकांनी असं ऐकलेलं नव्हतं. त्यानंतर नॅशव्हिलमध्ये ज्याच्या त्याच्या गाण्यात ते हवंच झालं. १९६९ च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या सायकेडेलिक, म्हणजे गुंगवून टाकणारं रॉक वाजवणाऱ्या मंडळींनी हे वाद्य कंट्रीवाल्यांकडून उचललं. ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया स्टीलवर बसू लागला, फ्लाइंग बुरिटो ब्रदर्सच्या स्नीकी पीट क्लाइनोने तर त्याला सरळ फझ लावला. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बममध्ये डेव्हिड गिल्मोरच्या स्टीलची ती लांबच लांब घसीट आपल्याकडच्या रॉकवेड्यांच्याही कानांत घर करून आहे, फक्त ती गिटार निराळी आहे हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

हार्पकडे रॉकवाल्यांचं लक्ष त्या मानाने कमीच गेलं. वाट पाडली ती जॅझने. डोरोथी अ‍ॅशबीने साठच्या दशकात हार्प ठेक्यावर नाचवली आणि अ‍ॅलिस कोल्ट्रेनने १९७१ च्या आपल्या अल्बममध्ये हार्पच्या मागे चक्क तंबोरा ठेवला. आमच्या गिटारवाल्याकडे त्या अल्बमची झिजलेली तबकडी आहे. हार्प घेऊ या, हे खूळ त्याचंच. हार्पिस्ट सापडायला मात्र वेळ लागला नाही. शिकागो हे हार्पचं गाव आहे, लायन अँड हीली १८८९ पासून इथेच हार्प बनवतात. आमची हार्पिस्ट लग्नांमध्ये आणि चर्चमध्ये वाजवून कंटाळलेली होती. "मला एकदा तरी ड्रमशेजारी बसायचंय," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली.

आता पायांची गंमत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मोठ्या हार्पला ४७ तारा आणि सात पेडल असतात. सप्तकातल्या प्रत्येक नावाच्या स्वराला (सी, डी, ई, एफ, जी, ए, बी) एक पेडल, डाव्या पायाला तीन, उजव्याला चार. प्रत्येक पेडलला तीन खाचा: कोमल, शुद्ध, तीव्र म्हणू या. सेबास्टियन एरारने १८१० मध्ये लंडनला बसवलेली ही युक्ती आजही तशीच चालते. जी-चं पेडल एका खाचेतून दुसरीत सरकवलं की खालपासून वरपर्यंत सगळ्या जी-च्या तारा एकदम अर्ध्या स्वराने बदलतात आणि पेडल तिथेच अडकून राहतं. माझं उलटं. माझ्या पेडलला स्प्रिंग आहे. पाय उचलला की स्वर मागे. शिवाय ते एकाच नावाच्या सगळ्या तारांना हलवेल असंही नाही, ज्या तारांना सळ्या जोडल्यात त्याच हलणार. थोडक्यात, तिचे पाय वाजवण्याआधी काम करतात आणि माझे वाजत असताना. तालमीत पहिले काही दिवस आम्ही दोघं एकमेकांचे पायच बघत होतो.

तालीम पिल्सेन भागातल्या एका जुन्या गोदामात. मालवाहू लिफ्टने छत्तीस-सदतीस किलोंची हार्प वर चढवायची, मग तिला त्या खोलीच्या हवेत नुसतीच उभी ठेवायची, कारण मधल्या सप्तकांच्या तारा आतड्याच्या असतात आणि हीटरच्या कोरड्या हवेत त्या स्वर सोडतात, कधी फटकन तुटतात. तोवर आम्ही तारा जुळवत बसायचो. गांधाराचं प्रकरण तिथेच उघडं पडलं.

माझ्या स्टीलची लावणी ई-नाइन, म्हणजे आपल्या भाषेत षड्ज पांढरी तीनला, ई-ला. गांधार म्हणजे मग जी शार्प, तीव्र जी. मोकळ्या तारांत गांधाराच्या दोन तारा आहेत, तिसरी आणि सहावी. या तारा मी, बहुतेक स्टीलवाल्यांसारखाच, ट्यूनरच्या काट्यावर लावत नाही. काट्यापेक्षा चौदा सेंटच्या आसपास खाली लावतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो नेमका तिथे असतो. पेटीचा, पियानोचा गांधार त्याच्याहून चढा. बारा अर्धस्वर सारख्या अंतरावर बसवायचे तर कुणाला तरी जागा सोडावी लागते, आणि सगळ्यात जास्त सोडावी लागणाऱ्यांत गांधार आहे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर जी बंदी घातली होती, तिच्या वादात हाच गांधार होता. ज्या मिरजेच्या तंबोऱ्यावर माझा कान घडला, तो इथे दिवाणखान्यात उभा आहे, त्यामुळे या बाबतीत मी हट्टी आहे हे कबूल.

हार्प लावली जाते पियानोसारखी. तिला दुसरा इलाजच नाही, कारण एकच तार तीन वेगवेगळ्या स्वरांची कामं करते.

तिसऱ्या तारेवरचा माझा गांधार ४१२ हर्ट्झला आणि तिचा ४१५ च्या थोडा वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला तीनहून थोडे जास्त ठोके पडतात. नुसत्या, स्वच्छ आवाजात ते चालून गेलं. किंचित थरथर, पाण्यावर उन्हाची तिरीप पडावी तशी, आणि ड्रमरला तर ती आवडलीसुद्धा. मग गिटारवाल्याने फझ चालू केला, माझ्या स्टीललाही लावला, वर लांब डिले, म्हणजे स्वर परत परत ऐकवणारं यंत्र. फझ आत जाणाऱ्या स्वरांचं एकमेकांशी मिश्रण करून नवेच स्वर बाहेर काढतो. स्वर सुरेल असतील तर ते नवे स्वरही जागेवर पडतात, नसतील तर खालून गुरगुर सुरू होते. रॉक गिटारवाले फझवर षड्ज-पंचमच ठोकतात आणि गांधार टाळतात, त्यामागे हेच कारण. त्यात आमच्या डिलेने प्रत्येक गांधार चार-सहा वेळा परत आणला. दोन गांधार, त्यांचे पडसाद, त्यांची गुरगुर. बासवाला वाजवायचं थांबवून म्हणाला, "कुणाचं तरी काहीतरी बिघडलंय." बिघडलेलं कुणाचंच नव्हतं, पंचाईत तीच होती.

साहजिकच सगळ्यांचा रोख माझ्याकडे वळला. सहा-सात जणांच्या संसारात एकट्याने वेगळ्या सप्तकात का राहायचं? काट्यावर लाव ना. स्टीलवाल्यांमध्येही याबाबत दोन तट आहेत आणि सगळ्या तारा सरळ काट्यावर लावणारे चांगले वादक आहेत. मी तसं लावून पाहिलं. हार्पशी ठोके गेले, पण माझी स्वतःची तार स्वतःच्या षड्जाशी भांडू लागली, आणि फझमध्ये गुरगुर माझ्या एकट्याच्या वाद्यातूनच यायला लागली. स्टीलचा स्वर लांबतो, त्यात लपवायला जागा नसते.

मग तिच्या बाजूने विचार झाला. मला वाटलं होतं, हा नैसर्गिक गांधार काय असतो ते तिला समजावून सांगावं लागेल. तिने मध्येच थांबवलं. "मी बारा वर्षं कॉयरमध्ये गायलेय. पियानो बंद झाला की आम्ही सगळ्या तो स्वर खाली घेतो. गाताना कळतं. हार्पला कसं सांगू?" जी-च्या तारा चौदा सेंटने उतरवल्या तर काय होतं ते तिने वाजवूनच दाखवलं. गांधार जुळला. पण तेच पेडल कोमल खाचेत घेऊन जी फ्लॅट केला की तोही तेवढाच उतरलेला, आणि शेजारच्या एफ शार्पशी, ज्याच्याशी तो तंतोतंत एक असायला हवा, त्याच्याशी आता ठोके. रोग एका तारेवरून दुसरीवर गेला, इतकंच. आणि प्रत्येक तुकड्याआधी जी-च्या सगळ्या तारा किल्लीने खालीवर करायच्या, त्या सुकलेल्या हवेत, हे काही खरं नव्हतं.

तोडगा तिनेच आणला. एका तालमीला ती आली ती कागदावर पेडलची आकृती काढून. हार्पवाल्यांची ही फार सुटसुटीत रीत: एक आडवी रेघ, मध्ये उभा दांडा, डावीकडे तीन आणि उजवीकडे चार खुणा. खूण रेघेच्या वर म्हणजे कोमल, रेघेवर म्हणजे शुद्ध, खाली म्हणजे तीव्र. तिने लावलं होतं असं: डी शुद्ध, सी कोमल, बी शुद्ध, पलीकडे ई शुद्ध, एफ तीव्र, जी कोमल, ए शुद्ध. सी कोमल म्हणजे बी-च, जी कोमल म्हणजे एफ शार्पच. सात नावांच्या तारा, पण स्वर पाचच: ई, एफ शार्प, ए, बी, डी. तिने दोन्ही हातांनी खालपासून वरपर्यंत तारा झोडपल्या आणि गांधार कुठेही आला नाही.

मी मराठीतच ओरडलो, "अरे, हा तर सारंग!" पांढरी तीनचा षड्ज धरला तर सा, रे, म, प आणि कोमल नी. मध्यमाद सारंगाचे स्वर, मेघाचेही तेच. गांधार वर्ज्य. तिला सारंग ठाऊक नव्हता आणि ठाऊक असायची गरजही नव्हती, तिने फक्त भांडणाचा स्वर आपल्या वाद्यातून काढून टाकला होता. वर दोन स्वरांच्या जोड-तारा फुकट मिळाल्या. बी आणि सी फ्लॅट या दोन तारांवर एकच स्वर, त्यांच्यावर बोटं आलटून पालटून हळूच फिरवली की स्वर न तुटता कुजबुजल्यासारखा चालू राहतो. हार्पवाल्यांच्या इटालियनमध्ये त्याला बिस्बिल्यांदो म्हणतात. पंचम असा कुजबुजत ठेवून तिने जवळपास तंबोराच उभा केला.

आता माझं काम. ई-नाइनमध्ये मधलं पेडल, ज्याला बी पेडल म्हणतात, ते गांधाराच्याच दोन तारांना अर्धा स्वर वर ओढतं. म्हणजे मध्यम. पेडल दाबून धरलं की माझ्याही वाद्यात गांधार उरत नाही. रिषभाची सातवी तार आणि कोमल निषादाची नववी तार आहेतच. मी तिच्या सारंगात बसलो. आणि पेडल सोडलं की मध्यमावरून गांधारावर मींड उतरते. पायाने काढलेली मींड. पूर्ण बँडमध्ये तो स्वर तेव्हा एकट्या माझ्याकडे असतो, त्यामुळे तो कुठे ठेवायचा हा प्रश्न कुणाशी वाद घालायचा राहत नाही. शिवाय पेडलने चढवलेल्या स्वराची लावणी वेगळी होते. मोकळी तार डावीकडच्या खुंटीवर, चढलेला स्वर उजव्या टोकाच्या छोट्या नायलॉनच्या नटांवर. त्यामुळे मध्यम हार्पला मिळवून लावला आणि गांधार खर्जाला. एकाच तारेला दोन घरं.

इतकं झाल्यावर तुकडा उभा राहील असं वाटलं होतं. पहिल्यांदा पेडल सोडलं तेव्हा गांधार आला, अगदी हवा तिथे आला, आणि कानात काटा टोचला. कारण हार्पचा मध्यम अजून वाजत होता. हार्पची तार छेडली की ती आपोआप थांबत नाही, खालच्या पोलादी तारा तर कितीतरी वेळ घुमत राहतात. माझा गांधार आणि तिचा मध्यम अर्ध्या स्वराच्या अंतरावर एकमेकांना घासत होते. भरीला तिच्या पिकअपवर लावलेला डिले तोच मध्यम परत परत आणून देत होता.

इथून पुढच्या बहुतेक तालमी गेल्या काय वाजवायचं यात नाही, तर काय थांबवायचं यात. हार्पचा डिले काढून टाकला, गिटारवाल्याच्या मनाविरुद्ध. माझा ठेवला. मध्यमाच्या तारा तळहाताने अलगद दाबून बंद करायच्या, पण पंचमाच्या आणि षड्जाच्या वाजत्या ठेवायच्या, हे तिला करायचं होतं. एक हात पंचम कुजबुजवतोय, दुसरा तळहात मधल्या सप्तकात नेमक्या तारा शोधून झाकतोय. हार्पच्या तारांना रंग असतात, सी लाल, एफ काळी, बाकी सगळ्या सारख्या, त्यामुळे ए-ची तार लाल तारेच्या दोन घरं खाली असं मोजत जायचं. तिला ते जमायला वेळ लागला नाही. ती आणि मी एकाच क्षणी करण्याला लागला. तिने आधी झाकलं तर मध्ये भोक पडतं, मी आधी सोडलं तर घासतं.

खुणेसाठी मान हलवून पाहिली, पण हार्प वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर टेकलेली असते, उजवीकडचं तिला तारांतूनच दिसतं. मग मी तिच्या डावीकडे, जरा पुढे बसलो, माझा डावा पाय तिला दिसेल असा. स्टीलखाली गुडघे झाकले जातात, पावलं मोकळी असतात. टाच टेकून चवडा हळूहळू वर येऊ लागला की ती तळहात ठेवते. मी बूट काढून मोज्यांवर वाजवायला लागलो ते तेव्हापासून, कारण काळ्या बुटाची हालचाल अंधारात दिसेना. लाल मोजे तिची सूचना.

स्टीलवाल्यांना एक जुनी डोकेदुखी माहीत असेल: पेडल दाबले की चौकट लवते आणि ज्या तारांना पेडलने हात लावलेला नाही त्याही एक-दोन सेंटने उतरतात. सोडताना त्या परत चढतात. एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, इथे हार्पचा षड्ज शेजारी स्थिर असल्याने माझा षड्ज गांधाराबरोबर किंचित हलताना ऐकू येई. शेवटी त्या ओळीत मी षड्ज वाजवायचंच सोडलं. तो हार्पचा.

त्यातून पुढची युक्ती निघाली. स्टीलच्या स्वराचं तोंड कापता येतं: आवाजाचं पेडल मागे ठेवून तार छेडायची आणि मग पायाने आवाज वर आणायचा. छेडल्याचा टणत्कार जातो, उरते नुसती आस. हार्प याच्या बरोबर उलट, तिचं सगळं तेज छेडण्यात आणि नंतर उतरती कळा. षड्ज-पंचमावर, जिथे आमचं भांडण नाही, तिथे एकाच सप्तकातला एकच स्वर दोघांनी घ्यायचा. छेड तिची, आस माझी. ती विझू लागली की मी खालून येतो. नीट जमलं की दोन वाद्यं उरत नाहीत, छेडल्यावर वाढत जाणारी हार्प ऐकू येते, जी जगात नसते. माझ्या मते त्या तुकड्यातलं सगळ्यात सायकेडेलिक काही असेल तर हे. फझ, डिले वगैरे नंतर.

बाकीच्यांनी काय केलं ते थोडक्यात. गिटारवाला फझवर षड्ज-पंचमावर आला, कुरकुरत. बासवाल्याने खालची तार डी-ला उतरवायचा बेत सोडला. ड्रमरने स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा ढिल्या केल्या, कारण स्टीलचा लांब स्वर चढला की त्या आपोआप किरकिरत, आणि काठ्या ठेवून कापडी गोळ्यांच्या मॅलेट घेतल्या. हार्पिस्टला ज्याच्या शेजारी बसायचं होतं तो ड्रमर अखेर तिच्याहून हळू वाजवू लागला. यावर तिने बरंच ऐकवलं.

वसंतात एका छोट्या हॉलमध्ये तो तुकडा वाजवला, बारा-तेरा मिनिटांचा. मध्यमावर आम्ही इतका वेळ थांबतो की लोकांना वाटतं हेच घर. मग चवडा वर येतो. त्या दिवशी मी पाय नेहमीपेक्षा सावकाश सोडला आणि मध्येच, मध्यम आणि गांधार यांच्यामध्ये कुठेतरी, क्षणभर रेंगाळलो. तळहात ठेवून ती वाट पाहत राहिली. नंतर एका प्रेक्षकाने विचारलं, तो सिंथेसायझर कुठल्या कंपनीचा होता? गिटारवाला समजावत बसला, मी हार्प लिफ्टपर्यंत ढकलायला गेलो.

आता नवा तुकडा चालू आहे आणि बासवाल्याला त्यात कोमल गांधार हवाय. तिथे हिशेब उलटतो. नैसर्गिक कोमल गांधार पेटीच्या कोमल गांधारापेक्षा सुमारे सोळा सेंट वर असतो, म्हणजे या खेपेला चढा मी आणि उतरलेली ती. तिने आधीच बजावून ठेवलंय की एकदा गांधार सोडला तो सोडला, कोमल गांधार ती सोडणार नाही. गुडघ्याचा कुठला दांडा कुठल्या तारेला जोडता येईल ते बघायला मी सध्या स्टील उलटं करून, पोटातल्या सळ्या मोकळ्या करून बसलोय.